रेफ्रीला दिसलं नाही, मग?

संध्याकाळी भाच्याला फुटबॉलच्या सरावाला सोडायचं आणि तो आटपेपर्यंत मैदानाकडेच्या कट्ट्यावर बसून राहायचं, हे काम हल्ली माझ्याकडे आलं आहे. मला ते आवडतं. उन्हं उतरलेली असतात, पोरांच्या पायांनी उडालेली तांबडी माती गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत असते, दप्तरांचे ढीग म्हणजे गोलपोस्ट, आणि चुन्याची रेघ अर्धीअधिक पुसलेली. त्या दिवशी चेंडू भाच्याच्या नडगीला लागून रेघेबाहेर गेला. मी अगदी समोर होते, नडगीवर आपटल्याचा आवाजही मला ऐकू आला. चेंडू पुरता बाहेर जायच्या आतच याचा हात वर. "आपला!" समोरच्या पोरानंही हात वर केला, पण याचा आवाज मोठा. सर पाठमोरे होते. वळून त्यांनी याच्याकडे बोट केलं आणि थ्रो याला मिळाला. घरी येताना मी म्हटलं, "अरे, तुझ्याच नडगीला लागून गेला की तो." "हो," तो म्हणाला. "मग हात कशाला वर केलास?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. आत्याला खेळातलं काही कळत नाही हे तिला आता कुठल्या शब्दांत सांगावं, असं ते बघणं होतं. "रेफ्रीला दिसलं नाही ना आत्या. मग?"

त्या बोलण्यात लबाडी नव्हती, गुर्मीही नव्हती. हाच पोरगा दुकानदारानं चुकून दहा रुपये जास्त दिले तर परत नेऊन देतो. कॅरममध्ये बोट लागलं तर आपणहून सोंगटी पुन्हा जागेवर ठेवतो. पण मैदानात उतरला की त्याच्या डोक्यातलं खरं-खोटं पाहण्याचं खातं दुसऱ्या कुणाकडे तरी जातं. ते त्याला कुणी शिकवलं असंही वाटत नाही. टीव्हीवर कुठलाही सामना लावा, चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला की दोन्ही संघांचे हात वर जातात. नव्वद मिनिटांत किती वेळा जात असतील! त्यातला एक हात दर वेळी खोटा असतो, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. तो श्वास घेण्याइतका सवयीचा भाग झाला आहे.

त्याचा तो 'मग?' मात्र डोक्यातून जाईना.

भारत-कतार सामन्याच्या रात्री घरात जे झालं होतं ते मला आठवत राहिलं. 11 जून 2024. पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात कुवेतविरुद्ध शून्य-शून्य खेळून सुनील छेत्री निवृत्त झाला होता, त्यामुळे संघाकडे बघताना घरातलं वडीलधारं माणूस नुकतंच निघून गेल्यासारखं वाटत होतं. दोह्यात कर्णधारपदाचा पट्टा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूच्या दंडावर होता. कतार आधीच पुढच्या फेरीत गेलेला, त्यांनी नवी पोरं उतरवली होती. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या ज्या टप्प्यावर भारत कधी पोचला नव्हता तिथं पोचलो असतो. 37 व्या मिनिटाला छांगटेनं गोल केला आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला सामना बघणं म्हणत नाहीत. कुणी उठायचं नाही, कुणी जागा बदलायची नाही, पाणी मागायचं नाही. 73 व्या मिनिटाला कतारला फ्री किक मिळाली. यूसुफ आयमनचं हेडर गुरप्रीतनं अंग टाकून अडवलं. चेंडू त्याच्या अंगाखालून घरंगळला आणि गोलखांबाच्या बाजूनं मागच्या रेघेपार गेला. गुरप्रीत सैलावला, बचावफळी थांबली, म्हणजे कॉर्नर. इतक्यात अल-हाश्मी अल-हुसेननं बाहेर गेलेला चेंडू पायानं आत ओढला आणि आयमननं तो जाळ्यात टाकला. कोरियन रेफ्रीनं गोल दिला. आमची पोरं त्याच्याभोवती गोळा झाली, पण पात्रतेच्या त्या टप्प्यावर व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासण्याची सोय, नव्हतं. 85 व्या मिनिटाला अहमद अल-रावीनं दुसरा मारला. दोन-एक. भारत बाहेर.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. हिरवं गवत, पांढरी रेघ आणि रेघेच्या पलीकडे, दोन्हींच्या मध्ये स्वच्छ हिरवी पट्टी सोडून पडलेला चेंडू. फुटबॉल साधारण 22 सेंटिमीटर रुंद असतो, रेघ जास्तीत जास्त 12 सेंटिमीटर, आणि नियम असा, की सबंध चेंडू सबंध रेघेच्या पार गेला तरच तो बाहेर. केसभर रेघेवर असला तरी खेळ चालू. त्यामुळे या खेळात 'बाहेर होता की आत' यावर जन्मभर भांडता येईल असे असंख्य चेंडू असतात. दोह्यातला तसा नव्हता. त्यावर भांडायला काही उरलंच नव्हतं.

तरी लाइनमनचा मला म्हणावा तितका राग आला नाही. फ्री किकच्या वेळी त्याची जागा बचावफळीच्या रेषेत असते, ऑफसाइड बघण्यासाठी. चेंडू उडाला, हेडर झालं, गोलकीपर पडला, हे सगळं तीन-चार सेकंदांत. तेवढ्यात त्यानं मागच्या रेघेपर्यंत धावत जायचं, आणि तिथून खांब, जाळी आणि पडलेला सहा फुटी माणूस यांच्या मधून जमिनीवरची एक रेघ बघायची. चुकणं माफ करावं असं मी म्हणत नाही; ते त्याचं कामच आहे, त्यासाठी त्याला पैसे मिळतात. पण तो बघण्यात चुकला. मैदानावर दुसरा एक माणूस होता, ज्यानं वाकून, पाय रेघेपार घालून चेंडू परत आणला. त्याला काहीही बघायची गरज नव्हती. त्याच्या पायालाच माहीत होतं.

आणि आम्ही शिव्या कुणाला दिल्या? रेफ्रीला. आमच्या घरात, शेजाऱ्यांच्या घरात, फोनवर, सगळीकडे त्या कोरियन माणसाचा उद्धार चालला होता. अल-हुसेनचं नाव त्या रात्री कुणाच्या तोंडी मी ऐकलं नाही. त्यानं काय, त्याचं काम केलं, असं एक मेव्हणे म्हणालेसुद्धा. शिटी वाजेपर्यंत खेळायचं, आपली पोरं थांबलीच कशाला?

शिटी वाजेपर्यंत खेळायचं. फुटबॉल खेळलेल्या प्रत्येक मराठी पोरानं हे वाक्य ऐकलेलं असतं. सल्ला चांगलाच आहे, नियमाला धरूनही आहे. पण त्याच वाक्याच्या सावलीत शिटी न वाजलेलं सगळं खपून जातं.

आम्ही कोल्हापूरचे, तेव्हा या सगळ्याचं बाळकडू मला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मिळालं. अण्णा मला लहानपणी घेऊन जायचे. पुड्यांमधल्या खाऱ्या शेंगा, खाली दगडाची तापलेली पायरी, पलीकडच्या बाजूला हलगी, आणि पेठेपेठेप्रमाणे बसलेली माणसं. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं माझ्या कानावर पाढ्यांच्याही आधी पडली असतील. अण्णा एरवी कुणाला अरे-तुरे करत नसत. रिक्षावाल्यालासुद्धा 'अहो'. पण पायरीवर बसले, की पाचव्या मिनिटाला, "ए रेफ्री, चष्मा लाव की जरा!" आणि दहाव्या मिनिटापासून जे काही ते मी इथं लिहिणार नाही. पायऱ्यांवरच्या लोकांना रेफ्रीची कुंडली पाठ असायची. हा कुठल्या पेठेचा, कुठल्या तालमीकडून खेळायचा, भाऊ कुठं आहे, सासुरवाडी कुठली. शिटी विरोधात गेली की पहिली चर्चा सासुरवाडीची. बिचारा काळ्या कपड्यांत उन्हात नव्वद मिनिटं पळत असायचा, आणि त्याच्या बायकोच्या माहेरावरून त्याच्या प्रामाणिकपणाचा निकाल लागायचा.

त्याच पायऱ्यांवर आपल्या संघाचा गडी पेनल्टी बॉक्समध्ये कुणी नुसतं जवळून गेलं तरी लोळण घ्यायचा, पेनल्टी मिळवायचा, आणि लोक हसत टाळ्या द्यायचे. "काय पडलाय!" हे कौतुक असायचं. ज्यानं फसवलं त्याला टाळी आणि जो फसला त्याला शिवी. समोरच्या पायरीवर अर्थातच उलट. त्यांच्या दृष्टीनं रेफ्री फसलेला नसायचा, तो विकला गेलेला असायचा.

खरोखर विकले गेलेले रेफ्रीही झाले आहेत. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर नावाचा तरणाबांड रेफ्री होता. ऑगस्ट 2004 मध्ये पाडरबॉर्न या खालच्या श्रेणीतल्या संघानं हॅम्बुर्गला 4-2 असं हरवलं, त्या सामन्यात हॅम्बुर्ग दोन गोलनी पुढे गेल्यावर यानं पाडरबॉर्नला दोन पेनल्ट्या दिल्या आणि हॅम्बुर्गच्या एम्पेन्झाला बाहेर काढलं. मागं बर्लिनची सट्टेबाज टोळी होती. जानेवारी 2005 मध्ये त्यानं कबुली दिली, पुढे दोन वर्षं पाच महिन्यांची शिक्षा झाली. मिळाले किती, तर 67 हजार युरो आणि एक प्लाझ्मा टीव्ही. तो टीव्ही मला फार लागतो. पण त्याला उघडं पाडलं कुणी? त्याच्याच बरोबरच्या रेफ्रींनी. संघटनेकडे जाऊन त्यांनी सांगितलं, की या माणसाचं काही खरं नाही. त्यातला एक मानुएल ग्रेफे. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मॅराडोनाबद्दल बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. 22 जून 1986, विश्वचषकात अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मेक्सिकोत भरदुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दूरदर्शनवर सामना थेट दाखवत होते आणि आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तोही कृष्णधवल, शेजारच्या काकूंकडे. त्यांची आतली खोली माणसांनी भरलेली, मी अण्णांच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत. दुसऱ्या अर्धात इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजचा चेंडू परतवण्याचा प्रयत्न फसला, चेंडू मागे आपल्याच गोलकडे उंच उडाला, साडेपाच फुटांचा मॅराडोना आणि त्याच्याहून वीतभर उंच इंग्लिश गोलकीपर पीटर शिल्टन दोघंही उडाले, आणि चेंडू जाळ्यात. खोलीत आरडाओरड. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "हात होता की रं." त्याला इतक्या जणांनी इतक्या आवाजात गप्प केलं, की मी पूर्ण जागी झाले. पुढच्या चार मिनिटांत मॅराडोना स्वतःच्या अर्धातून निघाला, वाटेत येईल त्या इंग्रजाला चुकवत गेला आणि दुसरा गोल करून आला. मग हाताबद्दल कोण बोलणार? त्या दुसऱ्या गोलनं पहिल्याचं सगळं देणं फेडलं, असाच त्या खोलीतला निवाडा होता. आजही विश्वचषक आला की आमच्या गल्ल्यांमध्ये अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे आडवे-उभे लागतात, आणि त्यांतल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तो हात हसत हसतच सांगेल.

त्या गोलची जी बाजू हसत सांगितली जात नाही ती दोन माणसांची आहे. रेफ्री ट्युनिशियाचा अली बेन्नासूर, लाइनमन बल्गेरियाचा बोग्दान डोचेव्ह. बेन्नासूर म्हणत आला, की मला दिसलं नाही, मी डोचेव्हकडे पाहिलं. तो जास्त चांगल्या जागी होता, त्यानं झेंडा वर केला नाही, आणि जास्त चांगल्या जागी असलेल्याचं मानायचं अशी आम्हाला सूचना होती. डोचेव्ह म्हणत आला, की रेफ्रीनं गोल दिल्यावर त्याच्याशी वाद घालायची आम्हाला मुभाच नव्हती. दोघंही खरं बोलत असतील. दोघांनी आपापल्या परीनं दुसऱ्यावर सोपवलं आणि मधल्या फटीतून तो गोल निघून गेला. पुढे 2015 मध्ये मॅराडोना ट्युनिशियात बेन्नासूरच्या घरी गेला, त्याला सही केलेली जर्सी भेट दिली, दोघांचे गळ्यात गळे घातलेले फोटो आले. सामन्यातला चेंडू बेन्नासूरनं जपून ठेवला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये लंडनमध्ये लिलाव झाला आणि 20 लाख पौंड आले. त्याच वर्षी मे महिन्यात मॅराडोनानं त्या दिवशी घातलेली जर्सी 71 लाख पौंडांना गेली, आणि ती विकणारा कोण, तर चेंडू मागे उडवणारा हॉज. सामना संपल्यावर जर्सीची अदलाबदल त्यानंच केली होती. डोचेव्हचं आयुष्य मात्र त्या दुपारनं नासलं, आणि ते त्यानं उघड बोलूनही दाखवलं. 2017 मध्ये तो गेला. फसवणाऱ्याला स्टेडियम, फसलेल्यांपैकी एकाला चेंडूचे पैसे, दुसऱ्याला मरेपर्यंत तोच प्रश्न. हा हिशोब कुठल्या वहीत बसतो मला सांगता येत नाही. आणि तरीही तो दुसरा गोल कधी समोर आला तर मी हातातलं काम टाकून बघते.

भाच्याचं वाक्य फ्रान्सच्या तिएरी आन्रीनं जवळजवळ जसंच्या तसं म्हटलेलं आहे. नोव्हेंबर 2009, पॅरिसमध्ये आयर्लंडविरुद्ध पात्रतेचा सामना, जादा वेळ. बाहेर चाललेला चेंडू यानं हातानं थोपवला, नीट बसवला, गालासकडे दिला, गोल झाला, आयर्लंडचा विश्वचषक संपला. सामना संपल्यावर हा आयर्लंडच्या रिचर्ड डनशेजारी गवतावर जाऊन बसला. आणि नंतर कबूलही केलं, की हात होता. पण रेफ्री मी नाही. मला त्या शेजारी बसण्याचं काय करावं ते अजून समजलेलं नाही. शरम होती म्हणावं, तर सांगायची वेळ पंधरा-वीस मिनिटांपूर्वी होती. ढोंग म्हणावं, तर चेहरा तसा नव्हता. पुढे 2015 मध्ये बाहेर आलं, की आयर्लंडनं कोर्टात जाऊ नये म्हणून फिफानं त्यांच्या संघटनेला 50 लाख युरो दिले होते. म्हणजे मिटवामिटवी झाली. गोल मात्र गोलच राहिला. फुटबॉलच्या नियमपुस्तकात स्पष्टच आहे: खेळातल्या घटनांबद्दल रेफ्रीचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, हेसुद्धा त्यात आलं.

म्हणून यंत्र आलं, आणि बरंच झालं, असं मी मनापासून म्हणते. दोह्यात यंत्र असतं तर दहा सेकंदांत विषय मिटला असता. पण यंत्राच्या मागंही माणसंच बसतात. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या लुईस दियासनं गोल केला, लाइनमननं ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीतल्या रेफ्रीनं रेघा आखल्या, गोल बरोबर आहे हे त्याला अचूक दिसलं, पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशी त्याची समजूत होती. त्यानं सांगून टाकलं, तपासणी पूर्ण. मैदानावर खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीतल्या दुसऱ्या कुणीतरी विचारलं, अरे, हे बरोबर आहे ना तुमच्या मते? नंतर प्रसिद्ध झालेलं ते ध्वनिमुद्रण मी ऐकलं आहे. शिवी निसटते, आवाज कापरा होतो, कुणीतरी म्हणतं खेळ थांबवा, आणि उत्तर येतं, की आता काहीच करता येत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की मागं जाता येत नाही, हाही नियमच. लिव्हरपूल 2-1 असं हरलं. तिथं कुणी कुणाला फसवलं नव्हतं, सगळ्यांना खरं काय ते कळलेलंही होतं, फक्त कळायला काही सेकंद उशीर झाला.

आणि जिथं नियम आणि लबाडी एकमेकांत मिसळतात तिथं यंत्रही काय करणार? मार्च 2023 मध्ये बंगळुरूत तिथल्याच संघाकडून खेळताना छेत्रीनं केरला ब्लास्टर्सविरुद्ध, त्यांच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत, फ्री किक मारून गोल केला, रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी तो दिला, आणि ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकानं अख्खा संघ मैदानाबाहेर नेला. त्याबद्दल क्लबला चार कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. झटपट फ्री किक नियमात बसते. तरीही, छेत्रीच्या जागी दुसरा कुणी असता तर आमच्याकडे तिला हुशारी म्हटलं असतं का, याची मला खात्री नाही. कोचीत तर आजही कुणी म्हणत नाही.

अण्णा म्हणायचे, फुटबॉलमध्ये विश्वनाथ होऊ शकत नाही. 1980 मध्ये वानखेडेवर गुंडाप्पा विश्वनाथनं पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं, मग त्यानं बोथमबरोबर मोठी भागीदारी केली आणि आपण सामना हरलो, ती गोष्ट ते दर वर्षी सांगायचे. क्रिकेटमध्ये थांबायला वेळ असतो, फुटबॉलमध्ये चेंडू पळतच असतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पुष्कळ वर्षं पटलेलं होतं. 28 एप्रिल 2019 चा लीड्स-अॅस्टन व्हिला सामना बघेपर्यंत.

व्हिलाचा एक गडी जखमी होऊन पडला होता, त्यांची पोरं खेळ थांबेल म्हणून सैल झाली, आणि लीड्सच्या क्लिचनं पुढे जाऊन गोल केला. शिटी वाजली नव्हती, नियमात सगळं चोख. मैदानावर हाणामारी सुरू झाली. तिच्यात लीड्सचा बॅमफर्ड तोंड धरून कोसळला, व्हिलाच्या अल गाझीला लाल कार्ड मिळालं. आणि बाजूला लीड्सचा प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा ओरडत होता, की गोल द्या, त्यांना गोल द्या! खेळ सुरू झाला, लीड्सचे सगळे जागच्या जागी उभे राहिले, व्हिलाचा अडोमा चेंडू घेऊन गोलकडे निघाला. फक्त पॉन्टस यान्सन नावाचा लीड्सचा एक आडदांड बचावपटू त्याला आडवा गेला. त्याला ते मान्यच नव्हतं. तो धावला, पाय घातला, थोडक्यात हुकला, आणि एक-एक झालं. मला त्या सगळ्या प्रसंगात यान्सन सगळ्यात जवळचा वाटतो. शाहू स्टेडियममधल्या आमच्या सगळ्या पायऱ्या त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. पुढे त्या औदार्याबद्दल बिएल्सा आणि लीड्सला फिफाचा फेअर प्लेचा पुरस्कार मिळाला. अल गाझीचं लाल कार्ड रद्द झालं, कारण त्यानं बॅमफर्डच्या तोंडाला हात लावलाच नव्हता, आणि रेफ्रीला यशस्वीपणे फसवल्याबद्दल बॅमफर्डवर दोन सामन्यांची बंदी आली. एकाच संघानं, एकाच पाच मिनिटांत दोन्ही करून दाखवलं होतं.

आता तो ग्रेफे. हॉयझरला उघडं पाडणाऱ्यांपैकी एक. मार्च 2014 मध्ये न्युर्नबर्ग-ब्रेमेन सामन्यात ब्रेमेनचा आरोन हुंट बॉक्समध्ये पडला आणि ग्रेफेनं पेनल्टी दिली. हुंट उठला आणि त्यानं सांगितलं, की मला कुणी पाडलं नाही. ग्रेफेनं पेनल्टी मागं घेतली. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत रेफ्रीला निर्णय बदलता येतो, तेवढी फट नियमानं ठेवलेली आहे. दोह्यातही ती होती. आमची पोरं हुज्जत घालत होती तो सगळा वेळ ती उघडी होती. आता हेही सांगायला हवं, की ब्रेमेन तेव्हा दोन गोलनी पुढे होतं. खिशात भरपूर असताना दानधर्म सोपा असतो, असं अण्णा म्हणाले असते, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

म्हणून मला मिरोस्लाव्ह क्लोजची गोष्ट जास्त लागते. 26 सप्टेंबर 2012, इटलीची लीग, नापोली विरुद्ध लाझिओ. सामना नुकता सुरू झालेला, शून्य-शून्य. कॉर्नरवर क्लोजनं लाझिओसाठी गोल केला आणि रेफ्रीनं तो दिला. नापोलीच्या खेळाडूंनी रेफ्रीला गराडा घातला. क्लोज पुढे आला आणि म्हणाला, की चेंडू माझ्या हाताला लागला. गोल रद्द. नापोलीच्या पोरांनी त्याचा हात हातात घेतला, पाठ थोपटली, आणि मग कवानीनं तीन गोल ठोकून लाझिओला 3-0 असं घरी पाठवलं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्याच्या टीमवाले त्याला काय म्हणाले?" मला माहीत नव्हतं. आमच्या पेठेत काय म्हणाले असते ते मात्र मी सांगू शकले असते.

तो सामना झाला ते मैदान नापोलीचं, सान पाओलो. मॅराडोना सात वर्षं तिथंच खेळला. 2020 मध्ये तो गेल्यावर काही दिवसांतच त्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं. ज्या गवतावर उभं राहून क्लोजनं हात लागल्याचं सांगितलं, त्या गवताभोवती आता दिएगो आर्मांदो मॅराडोनाचं नाव आहे. यावर काहीतरी तक्रार असायला हवी असं मला वाटतं. पण खरं सांगायचं तर नाही.